धर्मप्रांतीय परिषदेला मंडळीचे प्रतिनिधी म्हणून जाताना

मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, सभेत एक जण आपले नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो, टाळ्या होतात आणि धर्मप्रांतीय परिषदेला, म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालील मंडळ्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कोण जाणार हा विषय तेवढ्यावर संपतो. निवडून आलेल्या व्यक्तीचे काम मात्र त्याच रविवारी सुरू व्हायला हवे. ठाणे किंवा नवी मुंबईतील चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या एखाद्या मंडळीतून पहिल्यांदाच प्रतिनिधी म्हणून जाणाऱ्या बंधुभगिनींसाठी हे लिहीत आहे.

ही परिषद कशातून उभी राहिली, हे आधी समजून घ्यावे. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे अँग्लिकन, बाप्टिस्ट, मेथडिस्ट, ब्रदरन, डिसायपल्स आणि आधीच एकत्र आलेल्या प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल अशा सहा परंपरांच्या मंडळ्यांचे ऐक्य होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. त्यामुळे बिशपांचे नेतृत्व आणि पाळकांसोबत, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंसोबत, बसून सामान्य सभासदांनी निर्णय घेण्याची रीत, या दोन्ही गोष्टी आपल्या रचनेत आहेत. तेथे आपण पाहुणे म्हणून जात नाही, तर निर्णयाची जबाबदारी घेऊन जातो.

परिषदेची सूचना, विषयपत्रिका, मागील सभेचे इतिवृत्त आणि हिशेबपत्रके हाती आली की ती घरी शांतपणे, पेन्सिल हातात घेऊन वाचावीत. इतिवृत्तात आपल्या मंडळीचा उल्लेख कोठे आहे, तेव्हा कोणते आश्वासन दिले गेले आणि ते पूर्ण झाले का, हे पाहावे. मंडळीने धर्मप्रांताला द्यावयाच्या रकमेसमोर, म्हणजे ज्याला आपण सगळे असेसमेंट म्हणतो त्यासमोर, बाकी दाखवली असेल, तर खजिनदारांकडील पावत्यांशी ती पडताळावी आणि पावती क्रमांक व तारीख वहीत टिपून न्यावी. असा प्रश्न सभागृहात आवाज चढवून सुटत नाही. मधल्या सुट्टीत धर्मप्रांताच्या खजिनदारांना पावतीची प्रत दाखवली की बहुधा सुटतो.

त्यानंतर मंडळीचे म्हणणे ऐकावे. केवळ पाळकीय समितीला विचारून थांबू नये. महिला संघ, तरुण संघ, संडे स्कूलचे शिक्षक आणि आजारपणामुळे उपासनेला येऊ न शकणारी वडीलधारी मंडळी यांनाही विचारावे. तरीही प्रत्येक मुद्द्यावर शब्दाने बांधून घेऊन जाणे मला योग्य वाटत नाही. पाठीवर ठरलेले मत बांधून आलेला प्रतिनिधी दुसऱ्याचे ऐकू शकत नाही, आणि दुसऱ्या मंडळीची अडचण ऐकून आपले मत बदलण्याची मोकळीक असेल, तरच एकत्र जमण्याला अर्थ राहतो.

मालमत्तेचा विषय पत्रिकेत असेल, तर त्याला सर्वाधिक वेळ द्यावा. आपल्या भागात जमिनीचे भाव पाहता हा विषय नाजूक आहे. मिळकत विकायची, की दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यायची, हे ठरावाच्या शब्दांतून नेमके कळले पाहिजे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेची स्थावर मिळकत विकण्यापूर्वी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम 36 नुसार धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची असली, तरीही ती लागते. नवी मुंबईत जेथे चर्चचा भूखंड सिडकोकडून भाडेपट्ट्याने मिळालेला आहे, तेथे त्या कराराच्या अटीही पाहाव्या लागतात. म्हणून तीन साधे प्रश्न नम्रपणे विचारावेत: मिळकत कोणत्या ट्रस्टच्या नावावर आहे, मंजुरी मिळाली आहे का, आणि येणारी रक्कम कशासाठी वापरली जाईल? उत्तर समाधानकारक नसेल, तर ठराव पुढील बैठकीपर्यंत स्थगित ठेवण्याची सूचना मांडता येते.

ठाण्याहून नवी मुंबईतील सभेला जायचे असेल, तर ट्रान्स-हार्बरची गाडी वाशीची आहे की नेरुळ-पनवेलची, हे फलाटावरच पाहून घ्यावे. प्रारंभीच्या उपासनेला वेळेवर पोहोचावे. प्रार्थना संपल्यावर थेट कामकाजाला येऊन बसणे शोभत नाही.

बोलताना आपले नाव व मंडळी सांगून अध्यक्षांना उद्देशून, थोडक्यात बोलावे. ठरावातील एखादा शब्द बदलावासा वाटला, तर उपसूचना कागदावर लिहूनच द्यावी, म्हणजे इतिवृत्तात ती जशीच्या तशी येते. समितीच्या किंवा सिनडच्या (संपूर्ण चर्चच्या सर्वोच्च सभेच्या) प्रतिनिधींच्या निवडणुकीत कोणी आधीच नावांची यादी हातात ठेवील. ती घ्यावी, पण त्या व्यक्तींचे काम विचारूनच मत द्यावे. जेवणाच्या वेळी ओळखीच्यांत न बसता एखाद्या लहान मंडळीच्या प्रतिनिधीशेजारी बसावे. त्यांच्याकडे पाळक महिन्यातून किती रविवार येऊ शकतात, हे अहवालात सहसा वाचायला मिळत नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या 15 व्या अध्यायात यरुशलेमेहून परतलेल्यांनी अंत्युखियात मंडळीला एकत्र जमवून पत्र दिले, असे आपण वाचतो. आपणही पुढच्याच रविवारी, पाळकांची परवानगी घेऊन, दहा मिनिटांत सांगावे: काय ठरले, आपण कोणत्या बाजूने मत दिले व का, आणि मंडळीला आता काय करायचे आहे. आपल्या मनासारखा निर्णय झाला नसेल, तरी तो परिषदेचा निर्णय म्हणूनच मांडावा आणि आपले वेगळे मत वेगळे सांगावे. लेखी अहवाल व सर्व कागद सेक्रेटरींकडील फाइलमध्ये लावावेत, म्हणजे पुढच्या प्रतिनिधीला निवडीच्या दिवशीच ती फाइल हातात देता येईल.