सीक्वेल कसा आहे, हे कुणाला आणि कसं विचारावं

मी ठाण्यातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये ड्युटी मॅनेजर आहे. एखाद्या सुपरहिरोचा पुढचा भाग लागला की ओळखीपाळखीच्यांचे फोन सुरू होतात. "कसा आहे गं? पोरांना घेऊन येऊ का?" चौघांची तिकिटं, मध्यंतरातलं खाणं, पार्किंग, एवढा खर्च करायचा तर आधी चौकशी करणं रास्तच आहे. पण "कसा आहे" हा प्रश्न पहिल्या भागाला जेवढा उपयोगी पडतो तेवढा दुसऱ्या-तिसऱ्याला पडत नाही. सीक्वेलला कुणी कोरी पाटी घेऊन येत नाही. मागच्या वेळी जे आवडलं होतं ते पुन्हा मिळेल या हिशेबाने माणूस तिकीट काढतो, आणि शो सुटल्यावर जे बोलतो ते बहुतेक त्या हिशेबाबद्दलच असतं.

म्हणून पहिला प्रश्न नव्या भागाबद्दल विचारूच नका. "आधीचा बघितला होतास का? त्यातलं काय आवडलं होतं?" असं विचारा. उत्तर आलं की पुढचं निम्मं आपोआप उलगडतं.

याचं ठळक उदाहरण म्हणजे २०२४ चा 'जोकर: फोली आ द्यू'. २०१९ च्या 'जोकर'ला व्हेनिसच्या महोत्सवात गोल्डन लायन मिळाला होता, वाकीन फीनिक्सला ऑस्कर मिळालं होतं, आणि जगभरातली कमाई १०० कोटी डॉलरच्या वर गेली होती. समाजाने चिरडलेला आणि शेवटी पेटून उठलेला माणूस, हे चित्र लोकांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. दुसऱ्या भागात तोच माणूस कोठडीत आणि कोर्टात दिसतो, लेडी गागाबरोबर गाणी म्हणतो, आणि ज्या रूपासाठी लोक आले त्या रूपापासून लांब जातो. अमेरिकेतल्या पहिल्या प्रेक्षकांनी त्याला 'डी' श्रेणी दिली (ए-प्लस सगळ्यात वरची, एफ सगळ्यात खालची). कॉमिक्सवरच्या चित्रपटांत तोवर इतकी खालची श्रेणी कुणाला मिळाली नव्हती. आमच्या दारातून बाहेर पडणारेही "गाणीच गाणी" एवढंच म्हणत होते. एका बाईंनी मात्र थांबून गागाच्या आवाजाची तारीफ केली. त्यांनी पहिला भाग पाहिलेलाच नव्हता. त्या बाईंचं आणि बाकीच्यांचं, दोन्ही मतं प्रामाणिक होती. तुम्ही फोन केला असता तर कुणाचं मत तुमच्या कामाचं होतं, हे तुम्ही स्वतः पहिल्या 'जोकर'कडे कसं पाहता यावर ठरलं असतं.

दुसरी गोष्ट बघायची ती प्रतिक्रियेची तारीख आणि वार. चित्रपट लागण्याआधीचं मत बाजूलाच ठेवा. जुलै २०१२ मध्ये 'द डार्क नाइट राइजेस' लागायच्या आधी ज्या समीक्षकांनी प्रतिकूल लिहिलं त्यांना 'रॉटन टोमॅटोज' या समीक्षा एकत्र करणाऱ्या संकेतस्थळावर धमक्या आल्या, इतक्या की संकेतस्थळाला त्या चित्रपटाखालच्या प्रतिक्रिया बंद कराव्या लागल्या. धमक्या देणाऱ्यांनी चित्रपट अजून पाहिलेला नव्हता. आपल्याकडे तिकिटांच्या ॲपवर इतक्या लाख लोकांना 'रस आहे' असा आकडा दिसतो, तोही उत्सुकतेचा आकडा आहे. त्यावरून चित्रपट कसा आहे ते कळत नाही.

पहिल्या दिवशीचा प्रेक्षक हा चाहता. तो टीशर्ट घालून येतो, नायकाच्या एंट्रीला शिट्टी मारतो, आणि त्याला आवडावं अशी त्याची स्वतःचीच इच्छा असते. शनिवार-रविवारी कुटुंबं येतात. सोमवारी येतो तो कुणीतरी सांगितलं म्हणून आलेला असतो, आणि माझ्या मते सगळ्यात भरवशाचं मत त्याचं. सोमवारच्या संध्याकाळच्या शोला ऑडी, म्हणजे आतलं प्रेक्षागृह, निम्म्याच्या वर भरलेली दिसली की आम्ही पुढच्या आठवड्याचे शो कमी करत नाही. घाई नसेल तर तुम्हीही सोमवारपर्यंत थांबा.

अमेरिकेत हे मोजण्याची जुनी पद्धत आहे. लास व्हेगासची 'सिनेमास्कोर' ही संस्था एड मिंट्झ यांनी १९७०च्या दशकाच्या शेवटी सुरू केली. पहिल्या रात्री निवडक थिएटरांत प्रेक्षकांना कार्ड वाटतात, त्यावर ए-प्लसपासून एफपर्यंत श्रेणी द्यायची, वय आणि लिंग भरायचं. ही श्रेणी वाचताना एक लक्षात ठेवा. पहिल्या रात्री धावत आलेल्यांनीच दिलेली असल्यामुळे ती मुळातच उदार असते. शाळेच्या प्रगतिपुस्तकात 'बी' मिळालं तर आपण पाठ थोपटू, इथे सुपरहिरोच्या सीक्वेलला 'बी' म्हणजे मंडळी नाराज आहेत. २०२३ च्या 'अँट-मॅन अँड द वास्प: क्वांटमेनिया'ला 'बी' मिळालं. अमेरिकेत पहिल्या शुक्रवार ते रविवार त्याचं कलेक्शन १०.६ कोटी डॉलर होतं, पुढच्या शुक्रवार ते रविवार ते ३.२ कोटींच्या आसपास आलं. म्हणजे जवळजवळ ७० टक्क्यांचा ड्रॉप. २०१९ च्या 'ॲव्हेंजर्स: एंडगेम'ला 'ए-प्लस' होता, तरी त्याचा ड्रॉप ५९ टक्क्यांच्या घरात गेला, कारण पहिल्याच तीन दिवसांत निम्मं जग बघून बसलं होतं. तेव्हा नुसता ड्रॉप पाहून निकाल देऊ नका. श्रेणी आणि ड्रॉप दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत असतील तरच विश्वास ठेवा.

टक्क्यांबाबत थोडक्यात सांगते. रॉटन टोमॅटोजचे ९० टक्के म्हणजे १०० पैकी ९० गुण नव्हेत. १०० समीक्षकांपैकी ९० जणांना चित्रपट बरा किंवा त्याहून चांगला वाटला, एवढाच त्याचा अर्थ. सगळ्यांनी "ठीक आहे, एकदा बघायला हरकत नाही" म्हटलं तरी आकडा १०० येतो. प्रेक्षकांचा आकडा वेगळा असतो. 'क्वांटमेनिया'ला समीक्षकांचे ४६ टक्के होते आणि प्रेक्षकांचे ८० च्या वर. असा फरक दिसला की गोंधळून जाऊ नका. चाहते आणि रोज चित्रपट पाहणारे वेगवेगळं मागत होते, इतकंच त्यातून कळतं. आता तुम्ही कुणासारखे आहात ते तुम्हालाच ठाऊक.

आता ज्यावर मला मनापासून बोलायचं आहे ते. लोक बोलतात एक आणि म्हणायचं असतं दुसरंच, असं सीक्वेलच्या बाबतीत फार होतं, आणि ते ओळखायला शिकता येतं. मी ते २०२३ च्या जूनमध्ये 'स्पायडर-मॅन: अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'च्या वेळी नीट पाहिलं. हा चित्रपट भारतात १० भाषांत आला, त्यात मराठीही होती. त्यात पवित्र प्रभाकर नावाचा भारतीय स्पायडर-मॅन आहे आणि त्याचं शहर मुंबॅटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन एकमेकांत मिसळलेलं. हिंदी आणि पंजाबीत त्याला शुभमन गिलने आवाज दिला होता. आमच्याकडे मराठीचे शो मोजकेच होते, पण त्या शोला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन आले, जे एरवी इंग्रजी चित्रपटाच्या वाटेला जात नाहीत. मुंबॅटनचा भाग सुरू झाला की मी मुद्दाम दार किलकिलं करून आत बघायचे. रिक्षांची गर्दी, लटकणाऱ्या तारा, रंगीत पाट्या, आणि पुढच्या रांगेतली पोरं खुर्चीवर उभी.

हा चित्रपट २ तास २० मिनिटांचा आहे आणि कथा अर्ध्यावर थांबते. पडद्यावर पुढच्या भागाची पाटी आली की ऑडीतून एक मोठा "अरे!" उठायचा. बाहेर आल्यावर एक वडील माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मॅडम, हे काय, अर्धाच दाखवला. पैसे पूर्ण घेतले ना?" ते खरंच चिडले होते. त्यांचा हात धरलेला मुलगा, सात-आठ वर्षांचा असेल, त्यांच्या पाठीमागून डोकं काढून विचारत होता, "पुढचा कधी लागणार?" दोघांनी एकच शेवट पाहिला होता. वडिलांची तक्रार होती आणि मुलाची मागणी, आणि कानाला दोन्ही सारखीच कुरकुर वाटते. वडिलांनी घरी जाऊन ग्रुपवर "अपूर्ण चित्रपट, पैसे वाया" असं टाकलं असेल, तर वाचणाऱ्याला त्या मुलाचं काही कळलं नसणार. म्हणून कुणी "शेवट नाही आवडला" म्हटलं की विचारा, "पुढचा भाग बघशील?" "हो, बघणार ना" असं उत्तर लगेच आलं, तर चित्रपट आवडलेला आहे, राग फक्त थांबवल्याचा आहे. "बघू" असं ओढून आलं, तर मात्र खरंच काहीतरी बिनसलंय.

आकड्यांनीही त्या मुलाचीच बाजू घेतली. २०१८ चा 'इंटू द स्पायडर-व्हर्स' अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत साडेतीन कोटी डॉलरवर उघडला होता, दुसरा भाग १२ कोटींवर. मधल्या साडेचार वर्षांत पहिल्याला ऑस्कर मिळालं आणि तो घराघरांतल्या टीव्हीवर, मोबाइलवर पोचला. लोक पहिल्या भागावरचं प्रेम घेऊन दुसऱ्याला आले होते.

याच चित्रपटाने आणखी एक धडा दिला. अमेरिकेत अनेकांची तक्रार होती की संवाद नीट ऐकू येत नाहीत, खास करून ग्वेन या पात्राचा सुरुवातीचा भाग. आवाज वाढवून दाखवा अशी विनंती चित्रपट करणाऱ्यांकडून थिएटरांना झाली. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. साउंड प्रोसेसरचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायचं बटण, ७ वर असला की तो मानक आवाज. पण जाहिराती कर्कश वाटतात म्हणून प्रेक्षक तक्रार करतात, मग आवाज खाली येतो, आणि मुख्य चित्रपट सुरू झाला तरी तो खालीच राहतो. बाहेर पडणारा माणूस "कळलाच नाही काही" म्हणतो आणि दोष कथेला देतो. तेव्हा "कळला नाही" असं कुणी म्हटलं तर विचारा, कुठल्या थिएटरला, कुठल्या भाषेत, कुठल्या रांगेत बसून? पुढच्या दोन रांगांतून थ्रीडी बघितलेल्याचं "डोकं दुखलं" हे मत चित्रपटाबद्दल नाही. आणि तुम्हालाच आवाज कमी वाटला तर सरळ उठून बाहेर उभ्या असलेल्या माणसाला सांगा. आम्ही वाढवतो. तीन तास मनात कुढत बसू नका.

मध्यंतराचंही तसंच. हॉलिवूडच्या चित्रपटांत मध्यंतर नसतं, ते आपल्याकडे घालावं लागतं, त्यामुळे कधीकधी ऐन प्रसंगात दिवे लागतात. मध्यंतरात आलेला "स्लो आहे यार" असा मेसेज फार मनावर घेऊ नका. पण मध्यंतरात एक गोष्ट मी नेमाने बघते. पॉपकॉर्नच्या रांगेत लोक कशाबद्दल बोलतायत? "त्याचा बाप मरणार बहुतेक," "तो दुसरा कोण होता रे?" असं चाललं असेल तर चित्रपटाने पकडलेलं आहे. ऑफिस, ट्रॅफिक, उद्याचा क्लास हे विषय निघाले असतील तर पकडलेलं नाही. तुमचा मित्र आत बसला असेल तर मध्यंतरात त्याला मत विचारू नका, "आत्तापर्यंत काय झालं?" असं विचारा. तो उत्साहाने सांगायला लागला की समजा.

शो सुटतानाही बघण्यासारखं असतं. २००८ च्या 'आयर्न मॅन'पासून श्रेयनामावलीनंतरच्या छोट्या प्रसंगाची सवय लोकांना लागली. आता सुपरहिरोचा चित्रपट संपला की अर्धी ऑडी बसून राहते आणि आमची झाडणारी मंडळी पिशव्या घेऊन दाराशी ताटकळतात. 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स'ला शेवटी असा प्रसंग नव्हता, तरी लोक बसून राहिले आणि "काहीच नाही दाखवलं" म्हणत उठले. काही जणांच्या मनात तीच चव राहिली. तुम्ही कुणाला चित्रपट सुचवत असाल तर ही एक गोष्ट आधी सांगून टाका, त्यात कथा फुटत नाही आणि समोरच्याची चिडचिड वाचते.

स्वतःचं मत देतानाही एवढं पाळा. कथा सांगू नका, पण आधीचा भाग पाहिल्याशिवाय कळेल का ते सांगा, गोष्ट पूर्ण होते का ते सांगा, कुठल्या भाषेत पाहिलात ते सांगा. लहान मुलांसाठी असेल तर चित्रपटाची लांबी सांगा आणि भीतीदायक काही आहे का तेही, कारण सहा वर्षांचं मूल रडत बाहेर आलं की आईबापांपैकी एकाचा चित्रपट लॉबीतच संपतो. आणि तुमचं मत ऐकून कुणी "पहिल्यासारखा आहे का?" असं विचारलं, तर हो-नाही म्हणू नका. पहिल्यातलं कोणतं हवंय तेवढं त्यालाच विचारा, आणि ते आहे की नाही ते सांगा.