जुने फ्रेंच सिनेमे डिस्कवर जमवायचेत? आधी रीजन बघा

सगळ्यात आधी प्लेअर बघा राव, कारण ब्लू-रे डिस्कला रीजनचं, म्हणजे ती जगाच्या कुठल्या भागातल्या प्लेअरवर चालेल याचं, कुलूप असू शकतं. फ्रान्सची ब्लू-रे बहुतेक रीजन बी असते, अमेरिकेची ए आणि आपला भारत पडतो सी मध्ये, म्हणजे इथला साधा प्लेअर दोन्हीकडच्या लॉक केलेल्या डिस्कला नाही म्हणणार. मल्टी-रीजन प्लेअर घ्या, नाहीतर फोरके यूएचडी डिस्क आणि तिचा प्लेअर घ्या, त्या डिस्कला रीजनची भानगडच नसते.

दुसरं सबटायटल. गोमों या फ्रेंच सिनेमा कंपनीच्या बऱ्याच डिस्कवर इंग्रजी सबटायटल नसतात, तेव्हा फ्रेंच येत नसेल तर क्रायटेरियन (अमेरिकेतली डिस्क कंपनी) किंवा बीएफआयची (ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूट) आवृत्ती शोधा.

आणि नुसतं 'रिस्टोअर्ड', म्हणजे जुनी फिल्म दुरुस्त केलेली, असं लिहिलंय म्हणून भुलू नका, स्कॅन मूळ फिल्मवरून केलाय की कॉपीवरून ते वाचा. दिग्दर्शक रन्वारचा 'ला ग्रांद इल्युझ्यों' (1937) घ्या, त्याची मूळ निगेटिव्ह जर्मनांनी बर्लिनला नेली, तिथून ती मॉस्कोला गेली आणि शेवटी फ्रान्समधल्या तुलूझच्या सिनेमातेकमध्ये (जुन्या फिल्म जपणाऱ्या संस्थेत) पोचली, मग त्यावरूनच रिस्टोरेशन झालं, म्हणून चित्र इतकं स्वच्छ. चेहरे मेणासारखे गुळगुळीत दिसले तर समजा ग्रेन, म्हणजे फिल्मचा मूळचा बारीक दाणेदारपणा, पुसलाय, अशी डिस्क मी तरी फुकटसुद्धा घेणार नाही.

मागवताना कस्टम ड्यूटी धरूनच हिशोब करा, आणि डिस्क उभ्या ठेवा, पावसाळ्यात कव्हरच्या कागदाला बुरशी लागते.