नाकारलेला क्लेम आणि दोनदा भरलेलं बिल

आईच्या ऑपरेशनचा आरोग्य विम्याचा क्लेम कंपनीनं ‘आजार पॉलिसीआधीचा’ म्हणून नाकारला. फोनवर हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. नकार लेखी मागवला, पॉलिसीच्या कलमासकट. डिस्चार्ज कार्डावर ‘दोन महिन्यांपासून त्रास’ऐवजी ‘दोन वर्षांपासून’ पडलं होतं! डॉक्टरांकडून सही-शिक्क्याचं दुरुस्तीपत्र घेतलं, पहिल्या तपासणीचा रिपोर्ट जोडला, त्याच कलमावर बोट ठेवून मुदतीत अपील केलं आणि पोच घेतली. क्लेम मंजूर.

खरी गंमत पुढेच. बिल आम्ही आधीच भरलेलं, तरी कंपनीनं पैसे थेट हॉस्पिटलला पाठवले. हॉस्पिटलचे बिलिंगवाले नुसतं ‘बघतो’ म्हणायचे. मग आमची पावती आणि सेटलमेंट लेटर (कंपनीनं किती पैसे दिले ते सांगणारं पत्र) जोडून आईच्या बिलाचा खातेउताराच मागितला. जादा जमा त्यात स्पष्ट दिसत होती. हातमोज्यांसारख्या, विम्यातून पैसे न मिळणाऱ्या बाबी वगळून बाकी रक्कम परत आली.