माळवदाचं जुनं घर भूकंपात टिकेल का, हे कसं तपासायचं

भिंतीची जाडी पाहून निर्धास्त होऊ नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात किल्लारी, सास्तूर भागात कोसळलेल्या घरांच्याही भिंती दोन-तीन फूट जाड होत्या. तपासणी वजनापासून सुरू करा, तड्यांपासून नको.

आधी माळवदावर, म्हणजे लाकडावर माती पसरून केलेल्या सपाट छतावर चढा. सळई लाकडाला टेकेपर्यंत मातीत खुपसा आणि चार-पाच ठिकाणी थर मोजा. गळती थांबवायला वर्षानुवर्षं माती टाकत गेल्यानं तो सगळीकडे सारखा नसतो. घनमीटरभर कोरडी माती साधारण १६०० किलो भरते. म्हणजे दहा बाय बारा फुटांच्या खोलीवर ५० सेंमी थर असेल, तर डोक्यावर जवळजवळ ९ टन झाले. ओली झाली की आणखी जास्त. भूकंपाचा आडवा जोर याच वजनाच्या प्रमाणात येतो.

मग भिंत. ही एक भिंत नसतेच. आतली नि बाहेरची अशा दगडांच्या दोन फळ्या आणि मध्ये माती-खड्यांची भर. हादऱ्यात भर खाली बसते, फळ्या बाहेर ढकलल्या जातात. त्यांना बांधून ठेवतो तो आरपार दगड, म्हणजे एका फळीतून दुसरीपर्यंत पोचणारा लांब दगड. उंचीत दर ६० सेंमीला आणि लांबीत दर १.२ मीटरला तो हवा. गिलावा असेल तर दिसणार नाही, म्हणून दाराच्या बाजूला किंवा कोनाड्यात भिंतीची कापलेली बाजू पाहा. तुळईच्या (छताच्या आडव्या लाकडाच्या) टेकूखालचा दगड मात्र काढून बघू नका. वरून ओळंबा लोंबकळता सोडून भिंतीला पोट सुटलंय का तेही पाहा. ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर फळी सुटत चालली आहे.

कोपऱ्यातला उभा तडा सगळ्यांत वाईट. त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची पट्टी लावून तारीख लिहा. पट्टी तडकली तर हालचाल चालू आहे.

लाकडी खांबांच्या बुडाशी, विशेषतः भिंतीत गाडलेल्या बाजूला, स्क्रू ड्रायव्हर टोचा. सहज घुसला तर वाळवी किंवा कुज. खांब-तुळईच्या जोडाला तिरके टेकू नसतील तर सांगाडा आडवा झुकतो.

मातीतल्या दगडी भिंतीवर मागाहून स्लॅब टाकला असेल तर लगेच इंजिनिअर बोलवा. शहरात खाली मोकळं पार्किंग किंवा दुकानं, वर फ्लॅट असतील तर तळमजल्याचे कॉलम आधी तपासून घ्या. काँक्रीटवर आपटून त्याच्या ताकदीचा अंदाज देणारा रिबाउंड हॅमर गिलाव्यावर मारून काढलेला आकडा फुकट आहे. जुन्या काँक्रीटचा वरचा थर कडक झालेला असतो, त्यामुळे आकडा फुगतो. कोअर, म्हणजे काँक्रीटचा गोल तुकडा कापून काढून पडताळा.

दगडी घरात पहिली दुरुस्ती म्हणजे माती २० सेंमीवर आणणं. खाली टेकू द्या आणि दोन्ही बाजूंनी समान थर काढत या. एकाच अंगाची काढली तर सांगाडा दुसरीकडे कलतो. पातळ थर गळेल, म्हणून मातीत जाड प्लास्टिक अंथरा.