दोन तासांत वसईचा किल्ला: या चुका टाळा

वसईच्या किल्ल्यात गाइडबरोबर दोन तास फिरून आलेल्या मुंबईकराला चार दिवसांनी विचारा, काय पाहिलंत? बहुतेक वेळा उत्तर येतं: पडकी चर्च, एक उंच मनोरा, चिमाजी अप्पांचा पुतळा आणि रणरणतं ऊन. किल्ला त्या उत्तरात नसतोच. किल्ला म्हणजे तट, बुरूज, दरवाजे आणि शत्रू येईल ती दिशा. एवढं समजलं तर दोन तास भरपूर झाले. ते राहून गेलं तर दिवसभर फिरलात तरी हाती फोटोच लागतील. छोट्या सहलीत लोक कुठे चुकतात आणि चूक झाल्यावर जागच्या जागी काय करता येतं, ते इथे सांगतो.

सगळं बघायचा हट्ट

ही चूक सगळ्यात मोठी, आणि ती घरूनच सुरू होते. किल्ल्याचा विस्तार शंभर एकरांहून जास्त आहे. आत फ्रान्सिस्कन, डॉमिनिकन, जेझुइट अशा वेगवेगळ्या पंथांची चर्च आणि मठ आहेत, बालेकिल्ला आहे, देवळं आहेत, मधून वाहता रस्ता आहे आणि शेजारी किल्लाबंदर-पाचूबंदरची जिवंत कोळी वस्ती आहे. दोन तासांत हे सगळं उरकायचं ठरवलं की गाइड धावतो, आपण त्याच्या मागे धावतो आणि प्रत्येक ठिकाणी वाट्याला तीन-चार वाक्यं येतात.

त्यापेक्षा निघण्यापूर्वीच गाइडला फोनवर सांगून टाका: एक दरवाजा, एक बुरूज, बालेकिल्ला आणि एकच चर्च. चांगल्या गाइडला हे ऐकून आनंदच होतो. कुठलं चर्च बघायचं ते त्यालाच ठरवू द्या. ज्याची कमान किंवा छत अजून शाबूत आहे आणि जमिनीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरफरशा दिसतात, असं एक पुरे. सेंट जोसेफ चर्चच्या मनोऱ्यातल्या अरुंद गोल जिन्याचं सगळ्यांनाच आकर्षण असतं. पण जिना उघडा असो की बंद, तीस माणसांचा गट तिथे नेला की अर्धा तास रांगेत जातो. वर जायचंच असेल तर फेरी संपल्यावर आपापलं जा.

तिथे पोचल्यावर लक्षात आलं की गाइड पळवतोय, तर मनात चडफडत चालू नका. सरळ म्हणा, "दादा, पुढचं एक ठिकाण सोडू या, पण इथे दहा मिनिटं थांबू या." नव्वद टक्के तक्रारी या एका वाक्याने मिटतात असं माझं ठाम मत आहे.

तटाला पाठ करून उभं राहणं

फोटोसाठी सगळे तटाला पाठ करतात आणि तोच बघायचा राहतो. वसईची गंमत कळायची असेल तर थोडी पूर्वपीठिका लागते.

मध्ययुगातला किल्ला म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या उंच, सरळसोट भिंती आणि गोल मनोरे. तोफा येण्यापूर्वी ते बरोबरच होतं. शिडी लावून चढणाऱ्याला थोपवायचं तर भिंत जितकी उंच तितकी बरी. तोफांनी ते गणित उलटवलं. उंच, पातळ भिंत गोळ्यांना आयतं सावज झाली. म्हणून सोळाव्या शतकात युरोपातले किल्ले बुटके आणि जाडजूड झाले आणि बुरूज टोकदार झाले. गोल बुरुजाच्या पायथ्याशी शत्रूला लपायला एक आंधळी जागा मिळते. कोनी बुरुजाच्या बाजूने मारा केला की शेजारच्या तटाचा पायथा अख्खा माऱ्यात येतो. एक बुरूज दुसऱ्याची राखण करतो.

वसई या बदलाच्या काळातली आहे. गुजरातच्या बहादूरशहाने 1534 च्या तहाने वसई पोर्तुगीजांना दिली आणि त्यानंतर इथलं बांधकाम वाढत गेलं. म्हणून रायगड-राजगड पाहिलेल्या माणसाला हा तट "काही विशेष नाही" वाटतो. सह्याद्रीतल्या गडाचं अर्धं काम डोंगरानेच केलेलं असतं. इथे सपाट जमीन, त्यामुळे सगळं काम भूमितीने करायचं. गाइडला एका बुरुजावर घेऊन जायला सांगा. तिथून शेजारच्या बुरुजाकडे नजर टाका आणि खालच्या तटालगत शत्रू उभा आहे अशी कल्पना करा. लपायला जागा सापडते का ते मुलांना शोधू द्या. कुठल्याही भाषणापेक्षा हे जास्त काळ लक्षात राहतं.

मग दुसरा प्रश्न: शत्रू येणार कुठून? इथे तीन बाजूंना समुद्र, खाडी आणि दलदल. जमिनीवरून सैन्य आणायचं तर उत्तरेकडून. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने नेमके तिकडूनच मोर्चे लावले. तटाकडे सरकत सुरुंग खणले, बुरुजाखाली दारू ठासली. मे महिन्यात ते सुरुंग उडाले, भगदाडं पडली, तरी आतल्यांनी कडवी झुंज दिली. शेवटी तह झाला आणि पोर्तुगीज शिबंदीला शस्त्रं आणि बायकामुलांसह सुखरूप जाऊ दिलं गेलं. ही हकीकत उत्तरेच्या बाजूला उभं राहून ऐकायची. पुतळ्यापाशी ऐकली तर ती पाठ्यपुस्तकातल्या धड्यासारखी विरून जाते. तुमचा गाइड सगळा इतिहास पुतळ्यासमोरच सांगत असेल तर त्याला तटावर चला म्हणा.

बालेकिल्ल्याच्या दारावरही असंच डोळे उघडून बघा. पोर्तुगालचं राजचिन्ह, एका पंथाचा क्रूस आणि कड्याकड्यांचा एक गोल तिथे कोरलेला आहे. तो गोल म्हणजे आकाशातल्या ग्रहताऱ्यांची गती दाखवणारं उपकरण. समुद्र ओलांडून आलेल्या माणसांनी दारावर तलवार कोरली नाही, दर्यावर्द्यांचं हे उपकरण कोरलं, ही गोष्ट मला फार बोलकी वाटते.

नावं आणि सालं यांचा घोळ

वसईच्या मोहिमेत माहीम घेतलं, धारावी घेतली, हे गाइडच्या तोंडून ऐकलं की मुंबईकर लगेच माहीमचा दर्गा आणि नव्वद फुटी रस्ता आठवतो. दोन्ही चूक. ते माहीम पालघरकडचं, केळवे-माहीम. आणि ती धारावी म्हणजे वसईच्या समोर खाडीपलीकडचं, भाईंदर-उत्तनच्या बाजूचं धारावी बेट. हा फरक कळला नाही तर मोहिमेचा नकाशाच उलटापालटा होतो. 1737 मध्ये ठाणे घेतलं, पुढे समोरची धारावी घेतली, आणि मग वसईची कोंडी झाली. निघण्यापूर्वी मोबाइलवर नकाशा उघडून ही तीन ठिकाणं एकदा बोटाने दाखवा, पाच मिनिटं लागतात.

तहांचंही तेच. "वसईचा तह" दोन आहेत. एक 1534 चा, ज्याने पोर्तुगीज इथे आले. दुसरा 31 डिसेंबर 1802 चा, ज्याने दुसरा बाजीराव इंग्रजांच्या आश्रयाला गेला. शाळेत पाठ केलेला तो दुसरा. गाइडने पहिल्याबद्दल सांगितलं की लोक त्याची चूक काढायला जातात. तो बरोबर असतो.

मुंबईचा संबंधही विचारून घ्या, कारण तो फारसा कोणी सांगत नाही. पोर्तुगीज अमलात मुंबईची बेटं वसईच्या हाताखाली होती. 1661 मध्ये पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नाच्या करारात मुंबई इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि 1668 मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. 1739 मध्ये वसई पडल्यावर मुंबईच्या इंग्रजांची झोप उडाली आणि कोटाबाहेर खंदक खणायचं ठरलं. त्यासाठी शहरातल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. ते कोट 1860 च्या दशकात पाडले गेले, नाव तेवढं फोर्ट म्हणून उरलं. रोज चर्चगेटला उतरणाऱ्या माणसासाठी वसई परकी नाही ती यामुळे.

ऐकीव गोष्टी डोळे मिटून घेणं, किंवा सरसकट उडवून लावणं

प्रत्येक किल्ल्यात एक भुयार असतं आणि ते दहा कोसांवर निघतं, असं कोणीतरी सांगतंच. तटाच्या पोटातून जाणारे छोटे मार्ग खरोखर असतात, वसईतही आहेत. पण खाडीखालून पार दुसऱ्या गावापर्यंत जाणारं भुयार ही वेगळी गोष्ट झाली. अशा वेळी गाइडशी वाद घालू नका. "हे कुठे नोंदलेलं आहे की गावात सांगतात?" एवढं शांतपणे विचारा. प्रामाणिक गाइड लगेच सांगतो की ही ऐकीव आहे. गावकथेलाही मोल आहे, फक्त ती गावकथा म्हणून ऐकायची.

उलट काही गोष्टी दंतकथा वाटतात आणि खऱ्या निघतात. मोहिमेतल्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी देवळांना अर्पण केल्या, ही त्यातली. वाईजवळ मेणवलीला अशी घंटा आजही टांगलेली आहे, तिच्यावर 1707 साल आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर शहराच्या तोंडात आहे. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया 1597 मध्ये जपानात नागासाकीला क्रूसावर चढवले गेले आणि 1862 मध्ये त्यांना संतपद मिळालं, हीही नोंदलेली हकीकत. वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या मनात त्यांचं स्थान फार वरचं आहे. गाइड त्यांच्याबद्दल सांगत असताना हसत-खिदळत "चला, पुढे चला" करू नका. हा किल्ला मराठी हिंदू आणि मराठी ख्रिस्ती, दोघांचाही वारसा आहे, आणि गाइड एकाच बाजूचं सांगत असेल तर दुसरी बाजू विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

दिवस, गाडी, पाणी

रविवारी जाणार असाल तर पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक आदल्या रात्री बघा. वसई रोडला पश्चिमेला उतरा, तिथून महापालिकेची बस किंवा रिक्षा मिळते. स्टेशन ते किल्ला हे अंतर चालत जाण्यासारखं नाही आणि या प्रवासाला अर्धा तास धरा. लोक तो धरत नाहीत आणि दोन तासांच्या फेरीतले पहिले वीस मिनिटं गमावतात. डोंबिवली-दिव्याकडच्यांना दिवा-वसई गाडी सोयीची, पण तिच्या फेऱ्या कमी आहेत. एक चुकली तर दादरहून फिरून येण्याची तयारी ठेवा.

पाणी घरून न्या. स्वच्छतागृहाचं काम स्टेशनवरच उरकून घ्या, आत सोय असेल यावर विसंबू नका. सकाळी लवकरची वेळ घ्या, मार्चनंतर तर साडेदहाच्या पुढे नकोच. पावसाळ्यात किल्ला हिरवागार आणि देखणा असतो, पण दगडांवर शेवाळ आणि वाढलेल्या गवतात साप असतात. चपला-सँडल नकोत, पाय झाकणारे बूट घाला, पायवाट सोडू नका आणि तटाच्या कडेला सेल्फी काढू नका. भिंतीतून आलेल्या वडा-पिंपळाच्या मुळ्यांना लोंबकळू नका, त्यांनी चिरे आधीच सैल केलेले असतात. आणि नावं कोरणाऱ्या पोरांना थांबवा. हे केंद्राचं संरक्षित स्मारक आहे, नासधूस केली तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

गट मोठा, आवाज येत नाही

वीसच्या वर माणसं असतील तर मागच्यांना काहीच ऐकू येत नाही. सोसायटीची सहल असेल तर दोन तुकड्या करा आणि दोन गाइड घ्या, पैसे वाचवू नका. आयत्या वेळी हे कळलं तर मुलांना आणि आजी-आजोबांना पुढे उभं करा, आणि गाइडला चालता चालता बोलू देऊ नका. थांबून, वाऱ्याकडे पाठ करून बोलायला सांगा. मोकळ्या मैदानापेक्षा कमानीखाली आवाज चांगला घुमतो.

घरात गुडघेदुखी असेल किंवा मूल चार-पाच वर्षांचं असेल, तर अर्धीमुर्धी वसई करण्यापेक्षा शीवचा किल्ला बघा. सायन स्टेशनजवळची छोटी टेकडी, पाऊण तासात होते. तो मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेरार्ड आँजियरच्या काळात, 1669 ते 1677 दरम्यान बांधला गेला. तेव्हा त्याच्या दक्षिणेला इंग्रजांचं परळ बेट आणि उत्तरेला पोर्तुगीजांची साष्टी होती. म्हणजे इथेही तोच प्रश्न विचारता येतो: कोण, कोणाला, कुठून घाबरत होतं?

वसईहून परतताना वेळ असेल तर रिक्षाने स्टेशन गाठण्याऐवजी वसई-भाईंदर रो-रो बोट घ्या. ती फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाली. खाडीतून किल्ल्याकडे आणि समोरच्या धारावीच्या काठाकडे एकदम नजर टाकता येते, आणि धारावी हातात असल्याशिवाय वसईची रसद का तोडता येत नव्हती ते नकाशाशिवाय कळतं. फेऱ्यांच्या वेळा त्याच आठवड्यात तपासून घ्या आणि गाइडला सकाळीच विचारून ठेवा, म्हणजे फेरी संपवायची घाई शेवटच्या बुरुजावर होणार नाही.