पोत्यानं साखर येणाऱ्या घरात मुलांची साखर कशी आवरावी

आमच्या वाळवा तालुक्यात ऊस घातला की कारखान्याची सभासदाची साखर सवलतीत घरी येते. विकत आणावी लागत नाही, म्हणून मोजायची सवयही नाही. थोरला नववीत असताना मी त्याच्या चहातला चमचा वजनकाट्यावर ठेवला. शीग लावलेली साखर ११ ग्रॅम भरली, आणि असे तीन कप तो रोज प्यायचा!

पहिलं काम हेच करा: चमचा तोला. सपाट भरलेला चहाचा छोटा चमचा साधारण ४ ग्रॅमचा असतो. डब्यात आता तोच ठेवा, मोठा चमचा उचलून पोह्यांकडं द्या.

मग हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची सूचना आहे, की वरून घातलेली साखर, गूळ, मध आणि फळांचा रस मिळून दिवसाच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत राहावेत. ५ टक्क्यांच्या आत आले तर आणखी चांगलं. २,००० कॅलरी खाणाऱ्या मुलाला ते ५० आणि २५ ग्रॅम होतात. अख्खं फळ आणि साधं दूध यात धरत नाहीत. गूळ मात्र धरतात. आपल्याकडं गूळ-काकवी 'पौष्टिक' म्हणून हात सैल सुटतो, तिथंच चूक होते. रसवंतीवरच्या एका मोठ्या पेल्यातच २५ ग्रॅमचा वाटा संपतो.

तिसरं, शीतपेयाची बाटली उलटी करून वाचायला मुलालाच शिकवा. लेबलवर १०० मिलीमागं साखर ११ ग्रॅम असेल, तर २५० मिलीच्या बाटलीत साडेसत्तावीस ग्रॅम झाली, म्हणजे जवळजवळ सात सपाट चमचे. तेवढी साखर वाटीत काढून त्याच्यासमोर ठेवा. माझ्या मुलानं वाटीकडं पाहिलं, काही बोलला नाही, पण क्लासवरून येताना बाटली आणायची बंद झाली. मी महिनाभर ओरडून जे झालं नव्हतं, ते त्या वाटीनं केलं.

चहातली साखर एकदम तोडू नका. दर आठवड्याला पाव चमचा कमी करा, जीभ सरावते. खेळून आल्यावर आधी पाणी, मग शेंगदाणे, फुटाणे किंवा केळं द्या. भूक भागली की बिस्किटाच्या पुड्याकडं हात कमी जातो.

दातांसाठी साखर किती, याइतकंच दिवसातून किती वेळा, हेही बघा. तोंडातले जंतू साखरेचं आम्ल करतात आणि दर खेपेला दातांवर नवा मारा होतो. म्हणून गोड जेवणासोबतच वाढा, दिवसभर चघळायला नको.

साताऱ्याहून पाहुणे कंदी पेढे घेऊन आले तर पोराला खाऊ द्या, आनंदानं खाऊ द्या. फक्त त्या दिवशी संध्याकाळचा चहा बिनसाखरेचा.