शुभेच्छापत्रं घरी बनवताय? स्टॅम्प, स्टेन्सिल आणि डायकटच्या या चुका टाळा

स्टॅम्प अर्धाच उमटला, स्टेन्सिलखाली शाई पसरली किंवा डायनं (कागदातून आकार कापून काढणाऱ्या धारदार धातूच्या साच्यानं) नीट कापलंच नाही, की बहुतेक जण म्हणतात, ‘आपला हातच साफ नाही.’ हाताचा दोष क्वचितच असतो. कागद कुठला घेतला, त्यावर शाई कुठली वापरली आणि कुठलं काम आधी केलं, यातच निम्म्याहून जास्त गडबडी ठरून गेलेल्या असतात. त्या ओळखता आल्या की महागडं सामान आणायची घाई होत नाही.

कागद आणि घडी

कार्डाचा मूळ कागद २५० ते ३०० जीएसएमचा (म्हणजे एका चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) घ्या. शाळेच्या प्रोजेक्टसाठी मिळणारं पातळ कार्डशीट नुसतं घडी घालून उभं केलं तर बरं दिसतं, पण त्यावर दोन थर आणि एखादं फूल चिकटवलं की पुढचं पान वाकतं आणि कार्ड तोंडावर पडतं. वरच्या थरांना १२० ते १६० जीएसएम पुरे. तिथेही जाड कागद लावला तर कार्ड फुगतं आणि पाकिटात जाताना कोपरे मुडपतात.

घडीवर कागद फाटल्यासारखा दिसतो, कडा खरबरीत होते, ही तक्रार फार येते. कारण असतं तंतूंची दिशा. ए-फोर कागद दोन तऱ्हांनी अर्धा करता येतो. २९७ मिलिमीटरची बाजू मधोमध कापली तर १४८.५ × २१० चे दोन तुकडे मिळतात आणि त्यांची घडी १०५ वर येते. कागद उभा चिरला तर १०५ × २९७ च्या दोन पट्ट्या मिळतात आणि घडी १४८.५ वर येते. तयार कार्डाचा आकार दोन्हीकडे तोच. पण बहुतेक ए-फोर कागदांत तंतू लांब बाजूला समांतर असतात. पहिल्या तऱ्हेत घडी त्यांच्या दिशेनं जाते, दुसऱ्या तऱ्हेत ती त्यांना आडवं मोडते. कागदाचा गाभा पांढरा आणि वरचा रंग गडद असेल तर मोडलेल्या जागी पांढरी रेघ उमटते. खात्री करायची तर कागद न दुमडता दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. ज्या बाजूनं तो कमी विरोध करतो, त्या बाजूनं घडी घाला.

घडीआधी खाच पाडायचीच. स्कोअरिंग बोर्ड नसेल तर पोलादी पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन चालतं. खाच पाडल्यावर एका बाजूला खळगी आणि मागच्या बाजूला उंचवटा तयार होतो. हा उंचवटा घडीच्या आत राहायला हवा. नवशिके हमखास उलटं करतात, कारण खळगीकडे कागद मुडपणंच साहजिक वाटतं.

थरांची मापंही डोळ्यांनी ठरवू नका. १०५ × १४८ च्या कार्डावर पहिला थर ९९ × १४२ चा आणि त्यावरचा ९३ × १३६ चा घेतला, की चारही बाजूंनी ३-३ मिलिमीटरची एकसारखी कड दिसते. पाकीट सी-सिक्स मापाचं, म्हणजे ११४ × १६२ चं. ते दुकानात आहे का, हे आधी पाहा आणि मगच कार्ड कापा.

हातकागदाबद्दल एवढंच, की तो दिसतो सुंदर, पण त्याच्या उंचसखल पृष्ठभागावर बारीक रेषांचा स्टॅम्प तुटक उमटतो. त्याचा खालचा थर करा आणि स्टॅम्प गुळगुळीत कागदावर मारा.

कामांचा क्रम

पार्श्वभूमीचा रंग, त्यावर स्टॅम्प, मग एम्बॉसिंग पावडर (ओल्या ठशावर टाकून तापवली की उठाव देणारी), मग डाय, आणि चिकटवणं सगळ्यात शेवटी. हे सगळं सुट्या, सपाट कागदावर करायचं. तयार कार्डावर शेवटी ‘अभिनंदन’चा स्टॅम्प मारायला गेलं, की तो थराच्या कडेवर चढतो आणि अर्धी अक्षरं हवेत राहतात. शिवाय तो बिघडला तर एका तुकड्याऐवजी पूर्ण कार्ड जातं. अपवाद टेक्श्चर पेस्टचा, म्हणजे स्टेन्सिलमधून लावून उठावाची नक्षी करायच्या घट्ट पेस्टचा. पेस्टचा उंच थर डाय कापायच्या मशीनमधून गेला तर चेपतो, म्हणून पेस्टचं काम डाय कापून झाल्यावर करा.

स्टॅम्प: फिकट, डागाळलेला, दुहेरी

नव्या पारदर्शक स्टॅम्पवर शाई थेंबाथेंबानं गोळा होते आणि ठसा ठिपक्याठिपक्यांचा येतो. स्टॅम्प खराब नसतो. त्यावर कारखान्यातला तेलकट थर असतो. पांढरं मऊ खोडरबर हलक्या हातानं फिरवा, कोरड्या कागदावर दोन-तीन ठसे काढा, मग खऱ्या कागदाकडे वळा. खोडरबर दाबून घासलं तर बारीक रेषा झिजतात.

ठशाभोवती नको असलेली कड उमटते, कारण स्टॅम्प पॅडवर दाबला जातो. मोठा स्टॅम्प उलटा टेबलावर ठेवा आणि पॅडच त्यावर हलक्या हातानं पाच-सहा वेळा टेकवा. शाई फक्त उंच भागावर राहते. मारताना स्टॅम्प डुलवू नका, सरळ खाली, तीन-चार सेकंद दाब, सरळ वर. पारदर्शक स्टॅम्पसाठी कागदाखाली २ मिलिमीटरचं पातळ फोम ठेवलं तर मधला भाग रिकामा राहत नाही. लाल रबराच्या स्टॅम्पला मागे फोम असतोच. खाली आणखी फोम घातलं तर रबराची कडही छापली जाते.

फिकट ठशावर अंदाजानं दुसऱ्यांदा स्टॅम्प मारायचा मोह आवरा. स्टॅम्प पोझिशनर (स्टॅम्प पुन्हा त्याच जागी उमटवणारं साधन) असेल, कागद चुंबकांनी पक्का असेल आणि मधे हलला नसेल, तरच दुसरा ठसा पहिल्यावर बसतो. पोझिशनर नसेल तर नवा कागद घ्या.

शाईची निवड ही सगळ्यात जास्त कागद वाया घालवणारी बाब आहे. डाय शाई (इथे ‘डाय’ म्हणजे विरघळणारा रंग, कापायची डाय नव्हे) चटकन वाळते, पण पाणी लागलं की पसरते आणि काळ्या-निळ्या कागदावर दिसतच नाही. पिगमेंट शाई (रंगाचे न विरघळणारे कण असलेली) गडद कागदावर उठून दिसते, पण हळू वाळते. चकचकीत, लेप दिलेल्या कागदावर ती दुसऱ्या दिवशीही बोटाला लागू शकते. ठशात अल्कोहोल मार्करनं रंग भरायचा असेल तर मेमेंटोसारखी, त्या मार्करनं न पसरणारी शाई घ्या. स्टेझॉनसारख्या सॉल्व्हंट शाईच्या रेषा त्या मार्करनं विरघळतात. जलरंग भरायचा असेल तर व्हर्साफाइन क्लेअरसारखी पाण्याला टिकणारी शाई घेऊन ती पूर्ण वाळू द्या. कार्ड करण्याआधी त्याच कागदाच्या कपट्यावर शाई, वाळवणं, रंग हा पूर्ण क्रम एकदा करून पाहा. दुसऱ्या कागदावरच्या चाचणीवर विसंबू नका.

बहुतेक शायांचा स्टॅम्प पुसायला ओलं फडकं पुरतं. पारदर्शक स्टॅम्पवर डाग राहिला तरी ठसा बिघडत नाही. डाग घालवायला थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर लावलं तर स्टॅम्प कायमचा चिकट होऊ शकतो.

एम्बॉसिंग पावडर आणि पावसाळा

राखी आणि गणपती दोन्ही पावसाळ्यात येतात आणि तेव्हाच ही तक्रार वाढते: पावडर ठशाबाहेरही चिकटते आणि तापवल्यावर कार्डभर सोनेरी ठिपके. दमट हवेत कागद ओलावा धरतो. स्टॅम्प मारण्याआधी हीट गननं (पावडर वितळवायच्या गरम हवेच्या साधनानं) कागद आठ-दहा सेकंद सुकवा, पूर्ण गार होऊ द्या, मग अँटिस्टॅटिक (सुटे कण चिकटू न देणाऱ्या) पावडरची पुरचुंडी त्यावर फिरवा. विकत घ्यायची नसेल तर मलमलच्या दुहेरी कापडात दोन चमचे कॉर्नफ्लोअर बांधा. व्हर्सामार्कसारख्या संथ वाळणाऱ्या शाईनं ठसा मारून लगेच पावडर ओता आणि जास्तीची झटका. उरलेले चुकार कण तापवण्याआधीच कोरड्या बारीक ब्रशनं काढा, नंतर ते निघत नाहीत. पार्श्वभूमीला ब्रशनं शाई लावली असेल तर ती आधी वाळवून त्यावरही पुरचुंडी फिरवायला विसरू नका.

हेअर ड्रायरनं हे काम होत नाही. त्याची हवा जोरात असते आणि उष्णता कमी, त्यामुळे पावडर वितळण्याआधी उडते. हीट गन आधी हवेत दहा-पंधरा सेकंद चालू ठेवा, मग कागदापासून तीन-चार इंचांवर धरा. पावडर वितळते तशी एका कडेनं चमक पुढे सरकत जाते, तिच्या मागोमाग गन सरकवा. चमक आली की तिथून हला. जास्त तापलं तर पावडर कागदात मुरते, चकाकी जाते आणि भोवती तेलकट सावली दिसते. कमी तापलं तर नख लावल्यावर खवले पडतात. त्यावर उपाय आहे, पुन्हा तापवा. मुरलेल्या पावडरवर उपाय नाही.

स्टेन्सिल

शाई स्टेन्सिलखाली जाते, ती ब्रशवर जास्त शाई असल्यानं. ब्रश पॅडवर टेकवला की आधी कच्च्या कागदावर दोन-तीन फेऱ्या मारा. मग स्टेन्सिलच्या पट्टीवरून, म्हणजे न कापलेल्या भागावरून, गोल फिरवत आत या. थेट उघड्या जागेत ब्रश टेकवला तर तिथे गडद डाग पडतो आणि तो नंतर कितीही फिरवलं तरी मिसळत नाही. रंग एकदम गडद करू नका, हलके थर चढवा. बोटांचा घाम किंवा तेल लागलेल्या जागी शाई वेगळी शोषली जाते. रंग ठिगळाठिगळाचा दिसला तर ब्रशला दोष देण्याआधी हात आठवा.

स्टेन्सिल हलू नये म्हणून मास्किंग टेप लावताना ती आधी एकदोनदा कपड्यावर चिकटवून काढा. नवी टेप कागदाचा पापुद्रा घेऊन निघते.

पेस्टसाठी स्पॅच्युला जवळजवळ आडवा धरा आणि एकाच दिशेनं ओढा. उभा धरला की त्याची कड पेस्टला स्टेन्सिलखाली ढकलते. झाल्यावर स्टेन्सिल एका बाजूनं सोलू नका, सरळ वर उचला आणि लगेच पाण्यात टाका. सुकलेली पेस्ट बारीक जाळीतून काढताना जाळीच तुटते.

घरी ओएचपी शीटवर (पारदर्शक प्लास्टिकवर) स्टेन्सिलसाठी मराठी अक्षरं कापणारे एक गोष्ट हमखास विसरतात. ‘व’, ‘ब’, ‘क’ यांच्या पोटातला तुकडा चारही बाजूंनी सुटा असतो. बाहेरची रेघ कापली की तोही गळून पडतो आणि अक्षराचा नुसता गोळा उरतो. हा तुकडा बाहेरच्या भागाला जोडून ठेवणारा दीड-दोन मिलिमीटरचा पूल आधीच आखून ठेवा. ‘अभिनंदन’मधला अनुस्वार मात्र स्टेन्सिलला सोपा, नुसतं एक भोक.

डाय आणि मशीन

डायमध्ये गणित उलटं होतं. शिरोरेषेमुळे देवनागरी शब्द एकसंध निघतो, ही मोठी सोय. पण अनुस्वार सुटा पडतो आणि चिमट्यातून निसटून हरवतो. शब्द कापून उरलेली चौकट फेकू नका. ती कार्डावर ठेवा, शब्द आणि टिंब त्यातल्या जागी चिकटवा, मग चौकट उचला.

डाय कापत नाही याचं पहिलं कारण धारेची बाजू. धारदार कड कागदाकडेच हवी. दुसरं कारण प्लेटांचा क्रम; डाय आणि कागद या प्लेटांमध्ये ठेवून मशीनमधून फिरवतात. तो प्रत्येक मशीनचा वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्या मशीनचा व्हिडिओ पाहून प्लेटा रचू नका. पातळ डाय, जाड स्टील-रूल डाय (पोलादी पात्याची) आणि एम्बॉसिंग फोल्डर (कागद दाबून उठावाची नक्षी उमटवणारा साचा) या तिन्हींची रचनाही वेगळी असते. कट-कट आवाज ऐकून घाबरायचं कारण नाही, प्लेटा तशा वाजतातच. पण हँडल अंगाचा जोर लावून फिरवावं लागत असेल तर थांबा आणि मागे फिरवा. जाडी जास्त झाली आहे, जोर लावला तर प्लेट तडकते किंवा गिअर जातो.

काही जागी कापतं आणि काही जागी नाही, अशा वेळी प्लेटखाली साध्या कागदाचा एक ताव घाला. पुरला नाही तर दुसरा. डाय रोलरला समांतर ठेवण्याऐवजी थोडी तिरकी ठेवा, म्हणजे लांब सरळ कड एकाच वेळी रोलरखाली येत नाही. प्लेट वाकू लागली असेल तर दर वेळी उलटून वापरा. चमकीच्या कागदाला दोन-तीन फेऱ्या लागतातच, फक्त मधे डाय हलू नये म्हणून ती टेपनं धरून ठेवा.

जाळीदार डायमध्ये कागद अडकून फाटत असेल तर डाय आणि कागद यांच्यामध्ये मेणकागद घाला. अशा नक्षीला मागून डिंक लावत बसणं म्हणजे वैताग. कापण्याआधीच कागदाच्या पाठीला दोन्ही बाजूंनी चिकट असलेली शीट लावा आणि दोन्ही एकदम कापा. एम्बॉसिंग फोल्डरमध्ये कागद तडकत असेल तर त्यावर पाण्याचा अगदी हलका फवारा मारून मग फिरवा. त्यावर पाण्यानं पसरणारी शाई असेल तर मात्र फवारा नको.

चिकटवणं आणि टपाल

फेव्हिकॉलमध्ये पाणी असतं. पातळ थरावर तो पसरून लावला की कागद लाटांसारखा होतो. मोठ्या थरांना दुहेरी टेप, बारीक कटांना सुईसारख्या तोंडाच्या बाटलीतून ठिपके, आणि उठाव हवा तिथे फोम टेप. फोम टेप फक्त कडेला लावली तर मधला भाग खचतो, मध्येही एक तुकडा द्या.

कार्ड टपालानं जाणार असेल तर वजनाचा हिशेब आधी करा. ३०० जीएसएमचं घडीचं कार्ड साधारण ९.३ ग्रॅम, १६० जीएसएमचे दोन थर मिळून ४.३ ग्रॅमच्या आसपास, पाकीट ५ ग्रॅम. म्हणजे जवळजवळ १९ ग्रॅम झालेच, आणि साध्या पत्राचा पहिला टप्पा २० ग्रॅमला संपतो. टेप, फूल, मोती यांनी तो सहज ओलांडला जातो. तिकीट कमी पडलं तर जास्तीचे पैसे कार्ड घेणाऱ्याकडून वसूल होऊ शकतात, म्हणून पाकीट पोस्टातच वजन करून द्या. मोती किंवा बटण असेल तर त्यावर पाकिटात मावेल असा एक जाड पुठ्ठा ठेवा आणि त्याचंही वजन धरा.